कानातला कापूस

सरांच्या डाव्या कानात बारा महिने कापूस असायचा. कान दुखत नव्हता की फुटलेला नव्हता. ऐकू तर उत्तम यायचं, जरा जास्तच यायचं, आणि तीच त्यांची तक्रार होती. "दोन्ही कान उघडे ठेवले तर अख्खी शाळा आत शिरते," असं ते म्हणायचे. ऐकण्यासारखं काही असलं की चिमटीत धरून कापूस काढायचे, शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि मान तिरकी करायचे. मुख्याध्यापकांच्या भाषणाला त्यांनी कापूस काढलेला मी कधी पाहिला नाही. पापड भाजत असतील तिथे मात्र काढायचे.

पोरांनी त्यांचं नावच 'कापूस' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वर्गात "कापूस आला, कापूस आला" अशी कुजबुज झाली की दारातूनच म्हणायचे, "आला. तिसऱ्या बाकावरचा जो बोलला त्याला सर्दी झालीय. घरी सांगा, गवती चहा प्यायला द्या म्हणावं."

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे मी नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा सर तिथे विज्ञान शिकवत होते. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी एकटा होतो, खोली घेऊन राहत होतो आणि खानावळीत जेवत होतो. आणि मला एक नाद होता. मी भुताच्या गोष्टी सांगायचो. ते दिवस कथाकथनाचे होते. गणपतीत, कोजागिरीला, कॉलनीच्या वर्धापनदिनाला लोक सतरंज्यांवर दाटीवाटीने बसून तास-दीड तास नुसती गोष्ट ऐकायचे. बाकीचे कथाकथनकार विनोदी सांगायचे. तिथे गर्दी होती, म्हणून मी भीतीचा कोपरा धरला. दोनचार कॉलन्यांमध्ये माझं नाव व्हायला लागलं होतं.

एकदा सर माझ्या कार्यक्रमाला येऊन बसले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "काल तुमच्या गोष्टीत लांडगा रडला, तो तुम्हीच काढलात ना तोंडाने?"

"हो सर." मला वाटलं, आता कौतुक होणार.

"नाशकात लांडगा ऐकलाय तुम्ही कधी?"

"नाही."

"मग भुतासाठी मुद्दाम मागवलात?"

सगळे हसले. चित्रकलेचे सर म्हणाले, "अहो, भूतच बाहेरगावचं असेल."

सरांना विनोद कळला नाही, किंवा कळूनही ते थांबले नाहीत. "आवाज मोठा केला की माणूस दचकतो," ते म्हणाले, "आणि दचकलेला माणूस लगेच हसतो. काल तुमचे लोक तेच करत होते. भीती वाटायला आवाज ओळखीचा लागतो. रोजचा. घरातला. फक्त जिथे यायला नको तिथून यायला हवा."

"म्हणजे कुठला?"

"कुकरची शिट्टी."

पुन्हा हशा झाला. पण तास संपल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "घराला बाहेरून कुलूप आहे. घरातली माणसं गावाला गेलीत. तुम्ही शेजारी. तुमच्याकडे किल्ली आहे. तुम्ही व्हरांड्यात उभे आहात. आता ऐका." मग त्यांनी तोंडाने काही केलं नाही, हातानेही नाही. नुसते गप्प राहिले, आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "एक शिट्टी झाली." पुन्हा गप्प. "दुसरी." आणि नंतर, "तिसरी झाली. आणि कोणीतरी स्टोव्ह बारीक केला."

दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर पोरं कबड्डी खेळत होती. माझ्या हातावर काटा उभा राहिला.

त्या कुकरच्या गोष्टीने मला मोठं केलं. पुढच्या कार्यक्रमात सर पडद्यामागे खरा कुकर घेऊन बसले होते. तिसऱ्या शिट्टीनंतर स्टोव्ह बारीक झाल्याचा तो 'फुस्स' आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. आमच्या शाळेचा शिपाई चांदवडकडचा, उंचापुरा गडी. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "लय भ्याव वाटलं सर. बायको आता कुकर लावू देत नाय. पातेल्यातच भात टाकती."

सरांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले नाहीत. "त्या कुकरचा भात कसा झाला होता विचारलं का कोणी?" म्हणाले. पडद्यामागे खरा कुकर लावायचा म्हणून त्यांनी त्यात खरे तांदूळ घातले होते. कार्यक्रमानंतर आम्ही दोघांनी तो भात लोणच्याशी खाल्ला.

असे ते होते. बाजारात मटका घ्यायला गेले की टिचकी मारून मारून कुंभाराला जेरीस आणायचे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना डोळे मिटून बसायचे, आणि नंतर सांगायचे की मुलीकडचे आचारी पुऱ्या तळायला उशिरा बसले. माझ्या चपलांवरून मी चिडलोय की उशीर झालाय, हे त्यांना मी शाळेच्या जिन्यात असतानाच कळायचं. एकदा म्हणाले, "डावा अंगठा तुटत आलाय. आज सायकलवरून जा." अंगठा खरंच दुपारी तुटला.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, आवाजाच्या आधी गप्प राहायचं. "तुम्हा मराठीच्या मास्तरांना हेच जमत नाही," म्हणायचे. आणि दुसरा, आवाज कशाचा आहे हे ऐकणाऱ्याला कधी सांगायचं नाही. "कळला की गेला." हा दुसरा नियम मी पुढे कसा वापरला, ते सांगायला मला अजून जड जातं.

दर गुरुवारी संध्याकाळी मी सरांकडे जेवायला असायचो. ते माझ्याच कॉलनीत तळमजल्यावर राहत. दोन खोल्या, पुढे व्हरांडा. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण पुढच्या खोलीत सकाळी त्यांच्या पत्नीची, वहिनींची, बालवाडी भरायची, त्यामुळे भिंतीवर नेहमी खडूचे हत्ती आणि खाली दप्तरातून सांडलेले चुरमुरे. वहिनींना लहानपणी पोलिओ झाला होता. उजव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. पण मी त्यांना कधी सावकाश चाललेलं पाहिलं नाही. टप्-कट्, टप्-कट्, टप्-कट् असं घरभर चालू असायचं. बालवाडीतली पोरं दंगा करायची, आणि आतून टप्-कट् ऐकू आलं की मांडी घालून हाताची घडी करून बसायची, हसू दाबत. तो त्यांचा खेळच होता. वहिनी दारात येऊन म्हणायच्या, "अरे, आज कोणीच दंगा केला नाही? मग आवाज कोणाचा येत होता, पालीचा?"

आणि सर, वहिनी बाजारातून यायच्या वेळी कापूस काढून ठेवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काय ऐकताय?"

"आली. फाटकाशी आहे. मेथी मिळालेली दिसते."

"मेथीचा आवाज येतो तुम्हाला?"

"मनासारखी भाजी मिळाली की ती शेवटची पायरी जोरात चढते."

दारातून वहिनी आत आल्या, पिशवीत मेथी. "काय हो, माझ्यामागे चहाड्या चालल्यात?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, ह्यांना सांगा, लग्नात ह्यांनी माझा चेहरा नीट पाहिलाच नाही. सासूबाईंनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाले, बरी चालते."

सर लाजले. इतके मोठे गृहस्थ, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

त्या वर्षी आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात मला नवी गोष्ट सांगायची होती. माझे मेहुणे, बहिणीचे यजमान, तेव्हा आखाती देशात होते. त्यांनी मला एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणून दिला होता, आणि त्याचं कॉलनीत मोठं अप्रूप होतं. मी तो सरांना देऊन म्हणालो, "सर, ह्या वेळी असा आवाज द्या की लोकांनी जन्मभर विसरू नये."

आठवडाभराने त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. पडदे ओढले नाहीत, दिवे घालवले नाहीत. नुसतं बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही, फक्त रिकाम्या खोलीचा घूं असा आवाज. मग लांबून काहीतरी चालत यायला लागलं. टप्-कट्, टप्-कट्. जवळ येत गेलं, न थांबता, घाईघाईने, अगदी आपल्या दारापर्यंत. आणि दारात थांबलं.

 आणि मग मी आवाज ओळखला.

"सर, हा तर..."

"कशाचा ते विचारायचं नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मुलासारखा उजळला होता. "कळला की गेला. तुम्ही म्हणालात ना जन्मभर विसरू नये असा द्या? माझ्याजवळ असलेला सर्वांत चांगला आवाज आहे हा."

मी विचारू शकलो असतो, वहिनींना ठाऊक आहे का? विचारलं नाही. नियम त्यांचा होता, आणि मी त्याच्या मागे लपलो. आता वाटतं, सरांना खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्यांना तो आवाज म्हणजे घरी आलेलं माणूस होतं. घाबरवायला रोजचा, घरातला आवाज हवा, हा त्यांचाच सिद्धांत, आणि ते त्याला प्रामाणिकपणे जागले. वहिनींना त्यांनी सांगितलंही नव्हतं. कार्यक्रमात ऐकून त्या चकित होतील, असं त्यांच्या मनात होतं.

पण मी भोळा नव्हतो. माझ्या मूळ गोष्टीत बाई नव्हतीच. बंद घर होतं आणि एक म्हातारा भाडेकरू होता. टेप ऐकल्यावर खोलीवर जाऊन मी ती गोष्ट बदलली. म्हातारा काढला. एक लंगडी बाई आणली. ती संध्याकाळी कॉलनीत फिरते, मुलांना नावाने हाक मारते, जे मूल ओ देतं ते घरी परत येत नाही. लिहिताना मला आनंद होत होता. समोर बसणाऱ्या आयांना हे कुठे लागेल, ते मला बरोबर कळत होतं. त्यातल्या कितीतरी जणींची मुलं सकाळी कुणाच्या घरी जातात, हेही कळत होतं. मी ते कळणं बाजूला ठेवलं. एवढंच मी केलं, आणि एवढं पुरेसं होतं.

बदललेली गोष्ट मी सरांना दाखवली नाही. "बाई येते तिथे खूण करीन, तेव्हा सुरू करा," एवढंच सांगितलं.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मी खुर्चीवर बसलो. समोर मैदान भरलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत कडेला खुर्ची घेऊन बसल्या होत्या, पाय पुढे सरळ ठेवून. त्यांच्या आजूबाजूला बालवाडीची पोरं, एक तर त्यांच्या मांडीवर. सर माझ्या मागे पडद्याआड, टेपरेकॉर्डरपाशी.

गोष्ट रंगली. मी खूण केली. टप्-कट्, टप्-कट्. मैदान इतकं शांत झालं की मंडपाची कनात हललेली ऐकू येत होती. मी पाहिलं, वहिनींनी मान वर केली. पहिल्यांदा त्या हसल्या. त्यांना वाटलं असेल, ही आपल्या ह्यांचीच गंमत. मग मी पुढचं वाक्य म्हटलं, "लंगडत लंगडत ती एकेक मूल हेरत होती..."

आणि टेप बंद पडला.

बंद पडला नव्हता. सरांनी बंद केला होता. मला पडद्यामागचं बटण ऐकू आलं. मी मागे वळून पाहायला हवं होतं. पण समोर शेकडो माणसं श्वास रोखून बसलेली, आणि ती शांतता टेपपेक्षाही भयंकर झाली होती. ती माझ्या हातून जाऊ द्यायची नव्हती. मी खुर्चीवरून उठलो. खिशात खोलीच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा होता, तो मुठीत घेतला. एक पाय आपटला, दुसरा स्टेजच्या फळ्यांवरून ओढला आणि किल्ल्या वाजवल्या. टप्... सर्रर्र... कट्. अगदी सावकाश. टप्... सर्रर्र... कट्. मी वहिनींसमोर, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर, सगळ्या कॉलनीसमोर स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत चाललो.

मांडीवरचं मूल किंचाळलं आणि उतरून आईकडे पळालं. मग दुसरं. मैदानात ओरडा झाला आणि मग टाळ्या, कितीतरी वेळ टाळ्या. उत्सवातल्या कार्यक्रमांत मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तो माझ्याकडे अजून आहे. आम्ही त्यात साखर ठेवत नाही, काहीच ठेवत नाही.

पडद्यामागे गेलो तर सर नव्हते. टेपरेकॉर्डर नीट बंद करून, वायर गुंडाळून ठेवलेला होता.

दोन दिवसांनी मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. वहिनींनीच दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाल्या, "चहा टाकते." चहा झाल्यावर मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "गोष्ट छान झाली हो. मलाही भीती वाटली." आणि मग, कप उचलता उचलता, हसतच, "पण मी पाय ओढत नाही, भाऊजी. उचलते. उचलायला शिकायला मला फार दिवस लागले होते."

सर तिथेच बसले होते. ते मला काही बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत त्यावर. फक्त त्यानंतर त्यांनी मला एकही आवाज दिला नाही.

मला वाटलं, पोरं आठ दिवसांत विसरतील. पण बालवाडीतली पोरं चार-पाच वर्षांची. आतून टप्-कट् ऐकू आलं की आता हाताची घडी करून बसत नव्हती, रडायला लागायची. एकाने भीतीने चड्डी ओली केली. एका मुलीला वहिनींनी हजेरीला नावाने हाक मारली, तर तिने तोंडावर हात ठेवले आणि ओ म्हणेना. माझ्या गोष्टीत जे मूल ओ देतं तेच जायचं ना! आया यायच्या, संकोचत बोलायच्या. "आमची बाळी आता आजीकडेच ठेवते, बाई. तुमचं काही नाही हो, पण घाबरते." एक जण म्हणाली, "काकू, तुम्ही भाजीला जरा दुपारच्या जात जाल का? संध्याकाळी मुलं खेळत असतात ना." हे वहिनींनी मला स्वतः सांगितलं, त्या बाईची नक्कल करून. मी हसलो नाही. सरही हसले नाहीत. त्यांच्या कानातला कापूस त्या दिवशी जागच्या जागी होता.

दिवाळीपर्यंत बालवाडीत मोजकी पोरं उरली.

मग एका गुरुवारी मी जेवायला गेलो. माझं गुरुवारचं जेवण त्यांनी बंद केलं नव्हतं. बंद केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी आणि सर व्हरांड्यात बसलो होतो. सर वर्तमानपत्र वाचत होते. अचानक ते खुर्चीतल्या खुर्चीत इतके जोरात दचकले की चष्मा खाली पडला. त्यांच्या खांद्याशी वहिनी उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या.

"अहो, मी आहे," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. त्यांनी जुनी घोंगडी कापून कॅलिपरच्या सांध्यांना पट्ट्या शिवल्या होत्या आणि बुटाच्या तळाला जाड रबर लावून घेतलं होतं. आता काहीच वाजत नव्हतं. "बघा की, कशी मांजरासारखी येते," त्या मला म्हणाल्या. "पोरं यायला लागलीत पुन्हा. चार आली ह्या आठवड्यात."

सर वाकून चष्मा उचलत होते. "ही कधी येते, मला कळतच नाही आता," ते हळू आवाजात म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही, चष्म्याकडे पाहून.

त्या रात्री खोलीवर आल्या आल्या मी ती कॅसेट काढली. वाटलं, हे सगळं ह्या फितीत भरलंय. हे पुसलं पाहिजे. मी दार-खिडक्या लावल्या, कॅसेट घातली, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि समोर बसून राहिलो. काही बोललो नाही. फीत संपेपर्यंत बसलो. मला त्या वेळी ते प्रायश्चित्त वाटलं. मनावरचं ओझं थोडं उतरल्यासारखंही वाटलं, आणि त्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

कारण गोष्ट मी सांगतच राहिलो. कॉलनीत नाही, नाशकातही नाही. पण चांदवड, सटाणा, मालेगावकडून बोलावणी यायची आणि लोकांना तीच हवी असायची. सटाण्याचे एक मंडळवाले मला न्यायला स्टँडवर आले आणि पिशवी हातातून घेता घेताच अहिराणी वळणात म्हणाले, "सर, ती लंगडी बाईनी गोष्ट सांगाल ना? भलती भारी शे." मी सांगितली. टेप लागत नव्हताच. किल्ल्यांचा जुडगा आणि माझे पाय पुरत होते. प्रत्येक वेळी मी आणखी सावकाश चाललो, कारण जितकं सावकाश तितकी माणसं गारठायची.

पुढे माझं लग्न झालं, शाळा बदलली, मी नाशकात राहायला गेलो. गुरुवार सुटले. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं, तेव्हा वहिनी गेल्याचं कळलं. साधा ताप होता म्हणे, छातीत उतरला. मी तेराव्याला जाऊन आलो. सर भिंतीला टेकून बसले होते, समोर कोण येतंय जातंय इकडे लक्ष नव्हतं.

महिन्या-दीड महिन्याने एका रविवारी दुपारी ते माझ्या घरी आले. बायको माहेरी गेली होती, मी एकटाच होतो. दार उघडलं तर पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी वेगळं आहे. मग लक्षात आलं. कानात कापूस नव्हता.

"कापूस नाही, सर?"

"घरात आता आत शिरण्यासारखं काही राहिलं नाही." ते बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुमच्याकडे माझी एक वस्तू आहे. ती कॅसेट."

मी कपाटाकडे पाहिलं.

"बोलणं आठवतं मला तिचं," ते म्हणाले. "चालणं आठवत नाही. ती एवढी वर्षं घोंगडी बांधून चालली ना. मधली सगळी वर्षं आवाजाशिवायची आहेत. मला मागचं काही ऐकूच येत नाही. म्हटलं, तुमच्याकडे आहे तिचं चालणं. तेवढं द्या."

"सर, ती मी पुसली."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. का पुसली, कधी पुसली, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पुसलेलीही लावा. कधी कधी खाली थोडं राहतं."

मी कपाटातून कॅसेट शोधली, लावली. सरांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. खोलीची घूं. लांब कुठेतरी कुत्रं. आणि मग, अगदी जवळ, आत-बाहेर, आत-बाहेर असा एक आवाज.

"हे कोण श्वास घेतंय?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"मी."

ते बराच वेळ ऐकत राहिले, माझा श्वास. खाली काही राहिलं नव्हतं. शेवटी मीच टेप बंद केला.

"तुम्हाला येतं ना ते चालणं?" ते म्हणाले. "सटाण्याला माझा भाऊ असतो, त्याने पाहिलंय. म्हणाला, हुबेहूब करतात. करून दाखवा."

"सर, नको."

"घाबरू नका. चाला. तिथून, स्वयंपाकघरातून दारापर्यंत."

मी किल्ल्यांचा जुडगा घेतला. स्वयंपाकघरात गेलो. ओट्याला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो. मग निघालो. टप्... सर्रर्र... कट्. बाहेर सर डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. ते वाट पाहत होते. टप्... सर्रर्र... कट्. मला कळत होतं की हे ते नाही. वहिनींचं वाक्य मला आठवत होतं. मी पाय उचलायचा प्रयत्न केला. पण इतक्या वर्षांचं वळण पायात बसलं होतं, पाय ओढलाच गेला. मी भराभर चालायला गेलो आणि किल्ल्या भलत्याच ठिकाणी वाजल्या. दारात येऊन थांबलो.

सरांनी डोळे उघडले.

"नाही," ते म्हणाले. रागाने नाही, वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकल्यावर सांगावं तसं. "ती इतकी सावकाश कधीच आली नाही. ही तुमच्या गोष्टीतली बाई आहे. हिला मी ओळखत नाही."

मग त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. कापूस काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही कानांत घातले. उजव्या कानात कापूस घालताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं. चहा घेता का म्हणून मी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. चपला घालून ते जिना उतरून गेले. पुढे ते भावाकडे सटाण्याला राहायला गेले, एवढं कानावर आलं. मी गेलो नाही.

गोष्टी सांगणं मी त्या दिवसापासून सोडलं. आता पन्नाशी उलटली आहे. घरी कोणी नसलं की कधी कधी मी किल्ल्या घेऊन स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालतो. पाय ओढायचा नाही, उचलायचा. घाईत. पिशवीत मेथी आहे, शेवटची पायरी जोरात चढायची आहे. पहिली दोन-तीन पावलं कधी कधी बरी पडतात. मग पाय आपोआप सावकाश होतो आणि दारात भलतीच कोणीतरी येऊन उभी राहते.